बाळाचे ओठ निळे दिसतात? वाट पाहू नका

घरात अकीक्याची तयारी चाललेली असते. बाळ सहा दिवसांचे. नानी त्याला दुपट्यातून उचलून खिडकीपाशी नेते आणि म्हणते, "याचे ओठ असे जांभळे का दिसतात? दूधही दोन घोट पिऊन सोडतोय." लगेच घरातून उत्तरे येतात. थंडी लागली असेल. कुणाची तरी नजर लागली असेल. अकीका होऊ दे, मग दाखवू डॉक्टरांना.

हा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. अशा वेळी नानीचे ऐकावे. अकीका पुढेही करता येतो, पण हृदयातील काही दोषांना दोन दिवसांची उसंतही नसते.

जन्मणाऱ्या दर शंभर बाळांपैकी साधारण एकाच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांतले बरेच दोष किरकोळ असतात, काही आपोआप बरेही होतात. परंतु हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांचे काही दोष जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाळाच्या जिवावर बेततात. म्हणून त्यांची ओळख प्रत्येक घराला हवी.

रक्ताचा रस्ता

हृदयातून दोन मोठ्या धमन्या निघतात. उजव्या बाजूची धमनी अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते, तिला फुप्फुस धमनी म्हणतात. फुप्फुसांत प्राणवायू मिळालेले रक्त डाव्या बाजूला येते आणि महाधमनीतून सर्व शरीरात जाते.

आज शाळेत शिकवला जाणारा हा रस्ता एके काळी कुणाला ठाऊक नव्हता. हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे झिरपते, असे ग्रीक वैद्य गेलेनचे मत शतकानुशतके चालत आले होते. दमास्कसमध्ये वैद्यक शिकलेले आणि कैरोत हकिमी करणारे इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले की, अशी छिद्रे नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ त्यानंतर बऱ्याच काळाने, १६२८ मध्ये आला.

आईच्या पोटात मात्र बाळाची फुप्फुसे काम करीत नसतात. प्राणवायू वारेतून मिळतो. म्हणून फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी बाळाला दिलेली असते. तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागले की दोन-तीन दिवसांत ही नळी आकसून बंद होते.

तीन दोष

पहिला दोष हीच नळी उघडी राहण्याचा. डॉक्टर त्याला पीडीए म्हणतात. नळी मोठी असेल तर फुप्फुसांत जास्त रक्त जाते. मूल दूध पिताना घामाघूम होते, वजन धरत नाही, छाती वारंवार भरते. बोस्टनमध्ये १९३८ साली रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची अशी नळी प्रथम यशस्वीपणे बांधली. आता बऱ्याच मुलांत छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, बुचासारखे साधन बसवून ती बंद करता येते.

दुसरा दोष महाधमनी एका जागी चिमटल्यासारखी अरुंद असण्याचा, म्हणजे कोआर्क्टेशन. डोके आणि हातांना रक्त मिळते, पण कमरेखाली कमी पोहोचते. दोष तीव्र असेल तर डक्टस उघडी असेपर्यंत बाळ ठीक दिसते. ती बंद होताच पाय गार पडतात, लघवी कमी होते, श्वास जोरात चालतो. दोष सौम्य असेल तर वर्षानुवर्षे कळत नाही. मग शाळकरी वयात डोकेदुखी, चालताना पाय दुखणे आणि हातात जास्त रक्तदाब आढळतो.

तिसरा दोष दोन्ही धमन्यांची अदलाबदल होण्याचा. त्याला टीजीए म्हणतात. महाधमनी उजवीकडून आणि फुप्फुस धमनी डावीकडून निघते. त्यामुळे अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच. डक्टस आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील छिद्र यांतून जे थोडे मिसळते, त्यावर बाळ तग धरते. ही वाट बंद होऊ लागली की ते निळे पडत जाते. अशा बाळाला डक्टस उघडी ठेवणारे औषध सलाइनमधून देतात. १९७५ साली ब्राझीलच्या आदिब जतेने यांनी दोन्ही धमन्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. आज ती शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात. उशीर झाला तर हृदयाचा डावा कप्पा कमकुवत होतो आणि मग तीच शस्त्रक्रिया अवघड होते.

म्हणजे तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलेले बाळ चांगले दिसले, तरी पुढचे काही दिवस त्याच्यावर लक्ष हवे.

घरात काय पाहावे?

नवजात बाळाचे नुसते हातपाय थंडीने निळसर दिसू शकतात. ओठांबरोबर जीभ आणि हिरड्या दिवसाच्या उजेडात पाहा. सावळ्या बाळात निळेपणा तिथेच कळतो. जीभ निळी असेल तर तासाभराचीही वाट पाहू नये.

दूध पिताना दम लागणे, कपाळावर घाम, शांत झोपेतही एका मिनिटात साठहून अधिक श्वास, पाय सतत गार, बाळ मलूल, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

एक सोपी तपासणी दवाखान्यातून निघण्यापूर्वीच मागावी. बाळ २४ तासांचे झाल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावतात. प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल किंवा हातापायांत तीनहून अधिक टक्क्यांचा फरक असेल, तर पुन्हा तपासतात आणि गरज पडल्यास हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करतात. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही. मात्र कोआर्क्टेशन तिच्यातून सुटू शकतो. म्हणून बाळाच्या जांघेतील नाडी तपासली का, हेही डॉक्टरांना विचारावे.

दोष सुनेचा नाही

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, आईने काय केले? ग्रहणात भाजी चिरली असेल, काही जड उचलले असेल! पोटातल्या बाळाचे हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडून जाते. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. प्रेषितांच्या (स.) लहानग्या इब्राहीमचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण होते. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला, तेव्हा कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, हे त्यांनी स्वतःच समजावले. आपल्या घरांनी तरी हे विसरू नये.

बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. काही गोष्टींनी धोका वाढतो, हे मात्र खरे. गरोदरपणात रुबेला झाला तर पीडीए आणि फुप्फुस धमनीचे दोष होऊ शकतात. म्हणून मुलींना गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. मधुमेह असल्यास तो दिवस जाण्यापूर्वीच आटोक्यात हवा.

जवळच्या नात्यातील लग्नांबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, चुलत-मावस भावंडांच्या लग्नांतून झालेल्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जाते. म्हणजे अशा लग्नांतलीही बहुतेक मुले निरोगीच असतात. पण घराण्यात आधी असे मूल झाले असेल, तर नाते ठरवण्यापूर्वी सल्ला घ्यावा. अशी लग्ने धर्मात जायज आहेत, सक्तीची नाहीत.

खर्चाची भीती

अनेक घरे पैशांच्या धास्तीने थांबतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते आणि हृदयदोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. जिल्हा रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. मुलाचा जन्मदाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. शस्त्रक्रियेनंतरही तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. सुन्नत किंवा दाताच्या उपचारांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.

घरात दुआ चालूच राहील, ती राहायलाच हवी. पण नानीने बाळाला खिडकीपाशी नेऊन शंका बोलून दाखवली, तर तिला गप्प करू नका. कुणीतरी रिक्षा आणायला जा.