मोबाइलमधील छायाचित्रे आणि ‘क्लाउड’ : सिंक म्हणजे साठवण नव्हे

काही वर्षांपूर्वीपर्यंत घरातील छायाचित्रांची एक ठरलेली जागा असे: कपाटाच्या वरच्या कप्प्यातील अल्बम. स्नानसंस्कार, लग्न, आणि कुणी परदेशी निघाले की विमानतळावर घाईघाईने काढलेला घोळक्याचा एखादा फोटो. ३६ फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरला जाई. आज घरातील शाळकरी मूल तेवढे फोटो पाच मिनिटांत काढते. फोटो वाढले, अल्बम मात्र मागे पडले, आणि कुटुंबाच्या बहुतेक आठवणी एका मोबाइलमध्ये व त्या मोबाइलमागच्या ‘क्लाउड’मध्ये जाऊन बसल्या. ही सोय उत्तम आहे. परंतु तिच्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो आणि त्यापायी वर्षानुवर्षांचे फोटो एका क्षणात नाहीसे होतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ‘क्लाउड’ म्हणजे काय ते पाहू. नावात ढग असला तरी आकाशाशी त्याचा काही संबंध नाही. ते दुसऱ्याचे संगणक होत. मोठमोठ्या वातानुकूलित इमारतींत हे संगणक रात्रंदिवस चालू असतात. आपल्याकडे नवी मुंबईतील ऐरोली-महापे परिसरातही अशा इमारती, म्हणजे डेटा सेंटर, उभ्या आहेत. अर्थात आपला फोटो तेथेच असेल असे नव्हे. आपण फोटो काढला की मोबाइलमधील ॲप वाय-फाय मिळताच त्याची प्रत कंपनीच्या संगणकाकडे पाठवते. त्याच खात्याने उघडलेला टॅब्लेट, लॅपटॉप किंवा दुसरा मोबाइल ती प्रत तेथून मागवून दाखवतो. वसईच्या अंगणात काढलेला फोटो दुबईतील मुलाच्या पडद्यावर काही क्षणांत दिसतो तो असा. मात्र त्या दुसऱ्या पडद्यावर बहुधा लहान आकाराची प्रतिमाच आलेली असते. मूळ फोटो आपण उघडला म्हणजे खाली उतरतो. इंटरनेट नसताना आजीला फोटो धूसर दिसतो, त्याचे कारण तिचा चष्मा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ती दोन वेगळी कामे आहेत. बॅकअप म्हणजे जास्तीची प्रत करून ती बाजूला ठेवणे. मूळ वस्तू हरवली तरी ती प्रत शाबूत राहते. सिंक म्हणजे सर्व ठिकाणी एकसारखी स्थिती राखणे. एका ठिकाणी फोटो वाढला की सर्वत्र वाढतो, आणि एका ठिकाणी पुसला की सर्वत्र पुसला जातो. सिंकला आपला हेतू कळत नाही. ‘मोबाइल भरला आहे, थोडी जागा मोकळी करू’ या विचाराने आपण पुसले की ‘हा फोटो मला कायमचा नको’ या विचाराने, त्याच्या लेखी दोन्ही आज्ञा सारख्याच. ‘फोटो क्लाउडमध्ये आहेतच, मग मोबाइलमधून काढून टाकायला काय हरकत?’ हा प्रश्न अगदी तर्कशुद्ध वाटतो, आणि घात होतो तो येथेच.

आयफोनवर ‘आयक्लाउड फोटोज’ चालू असेल तर मोबाइलवरून पुसलेला फोटो क्लाउडमधून आणि त्याच खात्याच्या आयपॅडवरूनही जातो. जागा हवी असल्यास सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ हा पर्याय निवडावा. मग मूळ फोटो क्लाउडमध्ये राहतात आणि मोबाइलमध्ये जागेच्या गरजेनुसार त्यांच्या लहान प्रती ठेवल्या जातात. अँड्रॉइड मोबाइलवर ‘गूगल फोटोज’मध्ये बॅकअप चालू असताना त्याच ॲपमधील नेहमीच्या कचरापेटीच्या खुणेवर बोट ठेवले, तर फोटो मोबाइल आणि क्लाउड दोन्हींकडून जातो. तेथे ‘फ्री अप स्पेस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. जे फोटो क्लाउडमध्ये पोहोचले आहेत, त्यांच्याच मोबाइलमधील प्रती तो काढतो. एकेका फोटोसाठी ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ हाही पर्याय असतो. जागा करायची तर याच वाटांनी जावे. चूक झालीच, तर थोडी सवड मिळते: क्लाउडमध्ये पोहोचलेला फोटो पुसल्यावर गूगलच्या ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस राहतो, ॲपलच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. त्या मुदतीत तो परत आणता येतो, पुढे नाही. जागेच्या लोभाने ही पेटी लगोलग रिकामी करणारेही बरेच असतात, त्यांनी सांभाळावे.

जागेचा हिशेबही समजून घ्यायला हवा. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झाले तेव्हा किंचित आकसलेले फोटो वाटेल तितके फुकट ठेवता येत. ती सवलत १ जून २०२१ रोजी संपली. आता एका खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते आणि तीही फोटो, जीमेल व ड्राइव्ह यांत मिळून. ॲपल ५ जीबी देते. साधा फोटो सुमारे ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजार फोटो मावतात. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण सगळी जागा फस्त करतात ते व्हिडिओ. फोर-के व्हिडिओ मिनिटाला १७० एमबी खाऊ शकतो. म्हणजे दीड तासाच्या चित्रीकरणातच १५ जीबी संपले. जागा संपली की नवे फोटो वर जाणे थांबते. मोबाइल तशी सूचना देतो, पण ती आपण वाचतो कुठे? जुने फोटो दिसत असतात, त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटत राहते, आणि मोबाइल पाण्यात पडल्यावर कळते की गेल्या नाताळापासून एकही फोटो वर गेलेला नाही. महिन्यातून एकदा ॲप उघडून, उजवीकडे वर आपल्या चित्रावर बोट ठेवून, ‘बॅकअप कम्प्लीट’ असे लिहिलेले आहे का, हे पाहावे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंविषयी थोडेसे. अँड्रॉइडवर गूगल फोटोज सहसा कॅमेऱ्याने काढलेले फोटोच आपणहून वर नेते. व्हॉट्सॲपचे फोल्डर आपण निवडून द्यावे लागते. शिवाय व्हॉट्सॲपवरून येणारा फोटो आकसलेला असतो. छापून भिंतीवर लावायचा फोटो मागवायचा असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगावे, किंवा सामायिक अल्बमचा दुवा मागावा.

याहून गंभीर बाब खात्याची आहे. आपल्याकडे अनेक वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवरील जीमेल खाते दुकानदाराने किंवा भाच्याने मोबाइल घेतला त्या दिवशी उघडून दिलेले असते. पासवर्ड त्यांना ठाऊक नसतो. कित्येकदा खात्याचे नावही ठाऊक नसते. मोबाइल चालू आहे तोवर काही अडत नाही. तो हरवला की फोटो क्लाउडमध्ये सुखरूप असतात, पण दार उघडायला किल्ली नसते. पासवर्ड बदलायचा तर संकेतांक जुन्या मोबाइल क्रमांकावर जातो. तो क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला असेल तर कंपनीने काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकास दिलेलाही असू शकतो. तेव्हा आजच बसून खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही घरातील कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि पर्यायी क्रमांक म्हणून मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक नोंदवावा. कागदावर पासवर्ड लिहू नये असे जाणकार सांगतात. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत मला तो सल्ला पटत नाही. चोरापेक्षा विस्मरणाचे भय अधिक.

एकच खाते सगळ्या घराने वापरणे हेही टाळावे. वडिलांच्या खात्यावर चालणारा जुना मोबाइल मुलाला दिला जातो, मुलगा त्यातले ‘नको ते’ फोटो पुसतो, आणि सिंक आपले काम चोख बजावते. फोटो एकमेकांना दाखवायचे असतील तर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवून सामायिक अल्बम करावा. मोबाइल विकताना किंवा बदलून घेताना त्यातून खाते काढून सर्व माहिती पुसावी, पण तत्पूर्वी दुसऱ्या यंत्रावर फोटो उघडून पाहावेत.

क्लाउडवर सारा भार टाकू नये, असे म्हणायला आणखी एक कारण आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती, त्यांतील फोटोंसह, काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. म्हणून खरा बॅकअप आपल्या हाती हवा. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने प्रचलित केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. मोबाइल आणि क्लाउड यांना आपण सिंकने बांधले आहे. त्यामुळे तिसरी प्रत त्या बंधनाबाहेरची असणे अगत्याचे. वर्षातून एकदा ‘गूगल टेकआउट’ या सेवेतून फक्त ‘फोटोज’ निवडून सर्व फोटो उतरवून घ्यावेत आणि एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवावेत. ॲपलच्या खात्यातूनही ‘डेटा अँड प्रायव्हसी’ या पानावरून अशी प्रत मागवता येते. फाइली मोठ्या असतात, तेव्हा हे काम मोबाइलच्या डेटावर करू नये. डिस्क जोडून, दोन-चार फोटो उघडून पाहून, मग ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेली डिस्क संगणकाबरोबर बिघडू शकते.

आपल्या पश्चात हे फोटो कुटुंबाला मिळावेत यासाठीही सोय आहे. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ॲपलमध्ये २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. गूगलमध्ये किती महिने खाते निष्क्रिय राहिल्यावर कोणाला कळवायचे आणि काय काय सोपवायचे, ते आधीच नोंदवून ठेवता येते. ॲपलकडे नेमलेल्या व्यक्तीला एक सांकेतिक किल्ली मिळते. ती आणि मृत्यूचा दाखला दिल्यावर खाते उघडते. ती किल्ली छापून त्याच वहीत चिकटवावी.