नसलेला सिरियल पोर्ट आणि हरवलेले नमुने

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, की विंडोजवर एखादा 'कॉम ५' किंवा लिनक्सवर 'टीटीवाय एसीएम ०' दिसायला लागतो. टर्मिनल उघडायचं, बॉड रेट निवडायचा आणि आकडे वाचायला सुरुवात करायची. तुमच्यापैकी ज्यांनी कधी सेन्सर जोडून बघितलाय त्यांना हे नवीन नाही. पण ज्या बोर्डांवर चिपमध्येच यूएसबी असतो, तिथे हा सिरियल पोर्ट प्रत्यक्षात कुठेच नसतो. तो फक्त भास असतो. हा भास खरा मानल्यामुळे माझी तीन आठवड्यांची मोजमापं वाया गेली, म्हणून आज त्याविषयी.

माझं संशोधन धातूच्या पातळ पट्ट्यांच्या थकव्यावर आहे. पट्टी एका टोकाला घट्ट धरायची, कंप पावू द्यायची आणि तिची वारंवारता हळूहळू कशी बदलते ते बघायचं. सेन्सरचे सेकंदाला २००० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ४००० बाइट लॅपटॉपकडे जायचे. पहिल्याच लांब प्रयोगात वारंवारता वाढताना दिसली, आणि प्रयोग जितका लांबला तितकी जास्त वाढली. मी खूश! सरांनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "तडा जायला लागला की पट्टी मऊ पडते. मग वारंवारता कमी व्हायला हवी ना? वाढतेय कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमुने गळत असतील अशी शंका आली, म्हणून बॉड रेट ९६०० वरून ११५२०० केला. काही फरक नाही. मग ९२१६०० केला. तरी नाही. तेव्हा कुठे साधा हिशोब डोक्यात आला. खऱ्या सिरियल तारेवर ९६०० बॉडला एका बाइटमागे १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला फक्त ९६० बाइट. माझे ४००० बाइट त्यातून जाणंच शक्य नव्हतं. तरी बहुतेक सगळे पोहोचत होते! म्हणजे त्या आकड्याला काही अर्थच नव्हता.

आता हे काम कसं चालतं ते बघू. यूएसबीच्या मानकात 'सीडीसी' नावाचा एक वर्ग आहे आणि त्यात 'एसीएम' हा उपवर्ग. तो मुळात मोडेमसाठी केलेला. बोर्ड जोडल्यावर लॅपटॉप त्याला "तू कोण?" असं विचारतो. फर्मवेअर लायब्ररी ठरलेल्या साच्यातली माहिती पाठवते, "मी मोडेमसारखं उपकरण आहे." लॅपटॉपकडे यासाठी ड्रायव्हर तयारच असतो, तो सिरियल पोर्ट उघडून देतो. टायनीयूएसबी, चिबिओएस अशा लायब्रऱ्यांमध्ये यातलं बरंचसं लिहिलेलं असतं. आपल्या वाट्याला येतात मुख्यतः 'पाठव' आणि 'वाच' ही फंक्शन्स.

मग बॉड रेट कुठे जातो? तुम्ही टर्मिनलमध्ये निवडलेला वेग, पॅरिटी, स्टॉप बिट आणि डेटा बिट हे सगळं ७ बाइटच्या एका निरोपात बोर्डाकडे जातं. लायब्ररी तो निरोप जपून ठेवते. पुढे खरी सिरियल तार जोडलेली असेल तर तो आकडा उपयोगी पडतो, नाहीतर पडून राहतो. काहींनी त्याचा वेगळाच उपयोग केलाय: आर्डुइनो लिओनार्डोचा पोर्ट १२०० बॉडला उघडून बंद केला, की बोर्ड नवीन प्रोग्रॅम घ्यायला बूटलोडरमध्ये जातो. तिथे वेग हा चक्क इशारा झालाय!

खरा वेग ठरवतो यूएसबी. फुल स्पीड म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ६४ बाइट आणि १ मिलिसेकंदात जास्तीत जास्त १९ पॅकेट, म्हणजे सेकंदाला साधारण १२ लाख बाइट. माझे ४००० बाइट म्हणजे किस झाड की पत्ती. शिवाय पॅकेट बिघडलं तर ते पुन्हा पाठवायची सोयही यूएसबीतच असते. मग नमुने गळत कुठे होते?

इथे मुख्य मुद्दा येतो. यूएसबीत बोर्ड स्वतःहून काहीच पाठवू शकत नाही. लॅपटॉप विचारेल तेव्हाच द्यायचं. डबेवाल्यासाठी दाराशी डबा ठेवतो तसंच हे. तो आला की नेणार. पण आधीचा डबा तिथेच असेल तर दुसरा ठेवायला जागा नाही. मी वापरत होते त्या लायब्ररीचं 'पाठव' फंक्शन अशा वेळी 'व्यस्त' असं उत्तर परत देत होतं. मी ते उत्तर कधी वाचलंच नाही! नमुना गेला असं समजून पुढे जात राहिले.

आणि लॅपटॉप विचारायचा का थांबत होता? माझा पायथन प्रोग्रॅम वाचता वाचता आलेखही काढत होता. नमुने वाढले तसा आलेख पुन्हा काढायला सेकंदाहून जास्त वेळ लागायला लागला. तेवढ्यात लॅपटॉपचा बफर भरायचा, विचारणा थांबायची आणि इकडे नमुने गळायचे. मी नमुने मोजून वेळ काढत असल्यामुळे, नमुने कमी म्हणजे वेळ कमी, आणि वेळ कमी म्हणजे वारंवारता जास्त. प्रयोग लांबला की गळती वाढायची. पट्टीचा थकवा म्हणून मी जे मोजत होते, तो माझ्या आलेखाचा थकवा होता.

दुरुस्ती अवघड नव्हती. टायमरच्या इंटरप्टमध्ये नमुना फक्त ८ किलोबाइटच्या चक्राकार बफरमध्ये टाकायचा. मुख्य लूपमध्ये तिथून एकदम बरेच बाइट उचलून पाठवायचे आणि 'व्यस्त' आलं तर तेच पुन्हा पाठवायचे. प्रत्येक नमुन्याला २ बाइटचा अनुक्रमांक जोडला. आता सेकंदाला ८००० बाइट होतात, म्हणजे बफर साधारण एक सेकंद तग धरतो. लॅपटॉपवर वाचणं आणि आलेख काढणं वेगळं केलं. एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा: एकदम पाठवलेले बाइट बरोबर ६४ च्या पटीत असतील, तर "संपलं" हे कळवायला शेवटी रिकामं पॅकेट पाठवावं लागू शकतं. काही लायब्रऱ्या ते स्वतः करतात, काहींमध्ये आपल्याला करावं लागतं. तुमची काय करते ते तपासून घ्या.

त्यानंतरच्या प्रयोगांत एकही अनुक्रमांक गहाळ नाही, आणि वारंवारता वाढतही नाही. जुन्या फाइल्समध्ये मात्र अनुक्रमांक नव्हते. कुठला नमुना कुठे गळला हे आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्या बाजूला ठेवून सगळं पुन्हा मोजतेय.

तुम्हीही असा बोर्ड मोजमापासाठी वापरत असाल, तर पहिल्या दिवसापासून अनुक्रमांक टाका. दोन बाइटच लागतात. आणि 'पाठव' म्हटल्यावर लायब्ररी काय उत्तर देते, ते एकदा वाचा.