दिवसपाळीची वीज

कृषी वाहिनी म्हणजे ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघणारी, फक्त शेतीपंपांसाठी राखलेली ११ केव्हीची लाइन. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शिवाराचा वेगळा, ही विभागणी महाराष्ट्रात झाली ती भारनियमनाच्या काळात. घरातले दिवे न घालवता पंपांचे थ्री फेज बंद करता यावे, एवढाच तिचा हेतू होता. राज्य सरकारची सौर विजेची आजची सर्वांत मोठी आखणी याच जुन्या विभागणीवर उभी आहे. शेतीचा भार आधीच वेगळ्या तारेवर असल्यामुळे तो उचलून उन्हाच्या वेळेत ठेवता येतो. घरे, दुकाने आणि कारखाने यांच्या बाबतीत हे इतक्या सहज जमत नाही.

थ्री फेजचे वेळापत्रक वर्षानुवर्षे फेऱ्याने चालत आले: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी शेतीच्या माथी येण्यामागे विजेचे अर्थकारण होते. दिवसा शहरे आणि उद्योग वीज ओढत. औष्णिक संच मात्र रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाहीत, म्हणून त्यांना रात्रीचे गिऱ्हाईक लागे. शेतीपंप हे ते गिऱ्हाईक. वैजापूर, गंगापूर, कन्नडच्या शिवारात कांद्याला किंवा गव्हाला पाणी भरायचे तर मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागे. वाटेत साप-विंचू, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या. ज्याला जायचे नव्हते त्याने ऑटोस्विच बसवला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. परिणाम असा की फीडर चार्ज होताच शेकडो मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कैक पट प्रवाह ओढते, आणि डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र, जळते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. रात्रीची पाळी होती तोवर ते ऐकण्यात शेतकऱ्याचा काडीचाही फायदा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली जाहीर झाली. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक उभा राहिला, पण पुढची गती बेताचीच होती. मे २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०२५ पर्यंत निदान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर विजेवर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. अर्धा ते २५ मेगावॅट क्षमतेचे विकेंद्रित प्रकल्प, ते जोडायला गावाजवळचे उपकेंद्र, आणि प्रकल्प उभारणाऱ्याशी महावितरणचा २५ वर्षांचा वीजखरेदी करार, अशी तिची रचना आहे. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून खर्चाचा काही भाग मिळतो. ७ मार्च २०२४ रोजी ९ हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची देकारपत्रे एकदम दिली गेली. पुढे उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटवर नेण्यात आले. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास ठरला. शेतीचा वीजदर कमी ठेवण्यासाठी उद्योगांवर जी क्रॉस सबसिडी बसते, तिचा भार या स्वस्त विजेने हलका होईल, असा सरकारचा हिशेब आहे.

कागदावरच्या मेगावॅटला प्रत्यक्षात अडवते ती जमीन. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेही उपकेंद्राच्या जवळ: सरकारी जमीन असेल तर दहा किलोमीटरच्या आत, खासगी असेल तर पाच. अंतर वाढले की लाइनचा खर्च वाढतो आणि गळतीही. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. कोरडवाहू, मुरमाड रानात कापूस किंवा मका घेऊन खर्च वजा जाता एवढी रक्कम हाती पडेलच असे नाही, त्यामुळे पडीक तुकडा असलेल्यांना हा सौदा बरा वाटतो. सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. तिथे सातबारा सरकारच्या नावावर असतो, पण वापर गावाचा असतो. कुणाची गुरे चरतात, कुणी दोन पिढ्यांपासून पेरा करतो. मोजणी झाली की ही सगळी नाती उघडी पडतात. काही गावांत विरोध झाला तो सौर विजेला नव्हे, या जागेवरून. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपयांचे अनुदान देण्याची तरतूद आहे. मात्र ज्याची चार जनावरे कुरणावर जगतात त्याचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे आल्याने सुटत नाही.

दुसऱ्या आवृत्तीतला राज्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. क्षमता तीन मेगावॅट. पाच वाहिन्यांवरच्या सतराशेंहून अधिक शेतकऱ्यांना त्यातून दिवसा वीज मिळणार, असे जाहीर झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एकूण १९ मेगावॅटच्या ज्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण केले, त्यांत हा एक.

तीन मेगावॅट आणि सतराशे शेतकरी हा हिशेब जरा मांडून पाहावा. पाच एचपीची मोटार दंडावर ३.७ किलोवॅट देते आणि तोटा धरून चार किलोवॅटहून अधिक ओढते. म्हणजे भर दुपारी, स्वच्छ उन्हातही तीन मेगावॅटवर अशा साधारण सातशे मोटारी चालतील. सगळ्यांनी एकाच वेळी कळ दाबली तर उरलेली वीज उपकेंद्राच्या रोहित्रातून, जाळ्यातूनच यावी लागते. त्यामुळे सौर वाहिनी हा शब्द ऐकून पंप थेट पॅनेलवर चालतो असे जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते खरे नाही. प्रकल्पाची वीज इन्व्हर्टरमधून निघून ११ केव्हीपर्यंत चढते आणि उपकेंद्राच्या बसवर, म्हणजे सगळ्या लाइन जिथे जोडलेल्या असतात त्या सामायिक पट्टीवर, येऊन मिसळते. त्याच बसवर वरून ३३ केव्हीची वीजही आलेली असते. कोणत्या पंपात कुठली वीज गेली हे तारेला ठाऊक नसते. ढग आला की सौर आकडा काही मिनिटांत निम्म्यावर येतो आणि रोहित्र तेवढा भार मुकाट्याने उचलते. ढग सरला की उलटे. आणि ११ केव्हीचा पुरवठाच गेला तर इन्व्हर्टर स्वतःहून थांबतात. ही सोय मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला खालून वीज येऊन भिडेल. ऊन रखरखीत आणि प्रकल्प मात्र बंद, हे दृश्य त्यामुळे दिसते. उपकेंद्र बळकट नसेल तर पॅनेल वाया जातात. म्हणूनच योजनेत उपकेंद्रांच्या देखभालीसाठी प्रत्येकी २५ लाखांपर्यंतची वेगळी तरतूद आहे.

ऋतूंचा मेळ याहून अवघड आहे. मराठवाड्यातला पंप मुख्यतः रब्बीत चालतो, ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात पंपही थंड आणि आभाळही झाकलेले, इथे जमते. पण एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असताना वैजापूरच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. नांदूर-मधमेश्वर कालव्याचे आवर्तन आले तर ठीक, नाहीतर मोटार चालवायला पाणीच नाही. तेव्हा प्रकल्पाची वीज फीडरवर न जाता रोहित्रातून उलटी ३३ केव्हीवर चढते आणि जिथे मागणी असेल तिथे जाते. एका उपकेंद्राला याने काही होत नाही. जिल्ह्यातली बरीच उपकेंद्रे एकाच दुपारी वीज वर ढकलू लागली की गोष्ट वेगळी, कारण हे जाळे वरून खाली वीज आणण्यासाठी आखलेले आहे. पैठण तालुक्यात एकतुनीला ७६५ केव्हीचे उपकेंद्र आहे. विदर्भातली कोळशाची वीज पश्चिमेकडे नेणारी तिरोडा-कोराडी-अकोला ही वाहिनी तिथे येऊन मिळते. मोठ्या नळासारखी ही व्यवस्था एका टोकाला भरायची आणि दुसऱ्या टोकाला सोडायची होती. आता तिला वाटेत ठिकठिकाणी भरणे चालू आहे.

या सगळ्याचा ताळमेळ लागतो तो ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात. तिथे दिवसाचे ९६ तुकडे केलेले असतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. प्रत्येक तुकड्यात किती वीज लागेल आणि कोण किती देईल हे आदल्या दिवशी ठरते. सौर आणि पवन प्रकल्पांनाही अंदाज द्यावा लागतो. राज्य वीज नियामक आयोगाचे त्यासाठीचे नियम २०१८ चे आहेत आणि अंदाज मर्यादेबाहेर चुकला की दंड बसतो. छोटे, विखुरलेले प्रकल्प इथे एका अर्थाने सोयीचे ठरतात. वैजापूरवर ढग असताना पैठणवर ऊन असू शकते. एकाच ठिकाणच्या हजार मेगावॅटवर सावली पडण्यापेक्षा हे परवडते.

महावितरणची कमाल मागणी आता २५ हजार मेगावॅटपुढे जाते. दुपारी सौर वीज भरभरून येते तेव्हा कोळशाचे संच खाली आणावे लागतात, पण ५५ टक्क्यांखाली त्यांना उतरवणे कठीण असते. आणि संध्याकाळी सहानंतर सौर आकडा शून्यावर जात असतानाच घरोघरचे दिवे लागतात. ही दोन-तीन तासांची चढण पाण्याने भरून काढायची प्रथा जुनी आहे. कोयनेचे १,९६० मेगावॅट त्यासाठीच सोयीचे, पण तिथले पाणी पश्चिमेकडे वळवण्यावर कृष्णा लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. उपसा-साठवण हा दुसरा मार्ग: दिवसा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालतो. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशीही दोन्ही बाजूंनी फिरू शकणारा १२ मेगावॅटचा संच चाळीसेक वर्षांपूर्वी बसवलेला आहे. त्या काळी तो रात्रीच्या शिल्लक विजेसाठी होता, आज शिल्लक दुपारी असते. राज्याने २०२३ अखेरीस उपसा-साठवणीचे धोरण आणले, आणि बॅटरीच्या निविदाही आता निघू लागल्या आहेत.

याखेरीज मागणीच सरकवण्याचा उपाय आहे, आणि तो उद्योगांना आत्ताच जाणवतो आहे. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत औद्योगिक विजेला सवलत होती आणि सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जादा. जालन्याच्या पोलाद भट्ट्या आणि वाळूज-चिकलठाण्यातले जास्त वीज खाणारे कारखाने या दरावर आपल्या पाळ्या लावत आले. २०२५ च्या दररचनेने सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वर आणली आणि संध्याकाळनंतरची वीज महाग केली. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्याला याचा फारसा उपयोग नाही. ज्याला भट्टी केव्हा पेटवायची हे ठरवता येते, त्याला मात्र रात्रपाळीचे कामगार दिवसा बोलवावे लागतील.