बुडी मारायची, पण कुठे?

समुद्राच्या पोटात : लेखांक सातवा

दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. स्कुबा करायचंच आहे, तर मालवण की अंदमान? ज्यांची मुलं सिडनी-मेलबर्नला आहेत ते मध्येच ग्रेट बॅरियर रीफचं नाव टाकतात आणि बाकीचे क्षणभर गप्प होतात. मग हॉटेलं, विमानाच्या वेळा, जेवणात सुरमई ताजी मिळते की नाही, सगळ्याची चर्चा होते. पाण्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. बुडी मारणाऱ्याचा सगळा वेळ जातो तो पाण्यात, आणि दोन जागांतला खरा फरक असतो तोही पाण्यातच.

घरच्या समुद्रापासून सुरुवात करू. कट्ट्यावरून उठून पाच मिनिटांत दादर चौपाटी गाठता येते, पण तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. म्हणून मुंबईला प्रवाळ नाहीतच असं समजू नका. 2020 मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसऱ्या खडकांवर बसवल्या गेल्या. ओहोटीला खडक उघडे पडले की हौशी निसर्गप्रेमी वाकून वाकून हेच जीव शोधत असतात. पण ते खडकावर वाकून बघण्याचं काम, बुडी मारून बघण्याचं नव्हे. माहीमच्या उपसागरात मिठी नदी गाळ आणून ओतते. त्यात मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की तळाचा चिखल बसायला वेळच मिळत नाही.

गाळ हा शब्द लक्षात ठेवा, आजचा अर्धा लेख त्याच्यावरच आहे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून प्रवाळांना उबदार, उथळ आणि नितळ पाणी लागतं. गाळ आला की ऊन अडतं, आणि वरून माती बसली की जीव गुदमरतो. जिथे प्रवाळ माजतात तिथे पाणी नितळ असणारच, आणि नितळ पाणी तर आपल्यालाही हवं असतं. बुडीची जागा शोधताना पहिला प्रश्न म्हणूनच असा विचारावा: इथे नदी किती जवळ आहे?

हा प्रश्न कोकणाला विचारला की उत्तर फारसं सुखाचं येत नाही. सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. सह्याद्रीवरून निघालेल्या आखूड, तापट नद्या लाल माती थेट समुद्रात नेतात. त्यामुळे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत खरे, पण ते ठिकठिकाणी वाढलेले झुपके आहेत, सलग भिंत नाही. याच परिसरातला 29.12 चौरस किलोमीटरचा पट्टा 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. तो वाद वेगळ्या लेखाचा विषय आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. सभोवतीच्या पाण्यात दडलेले खडक शत्रूच्या गलबतांना नडणारे होते. ज्या खडकांनी किल्ला राखला त्यांच्याच अंगावर आज आपण पोपटमासे बघतो.

मालवणला पाण्यात चार-पाच मीटरपर्यंत दिसलं तर दिवस बरा गेला म्हणायचं, आठ मीटर दिसलं तर पार्टी द्यायची. दोन दिवसांत एवढा फरक का पडतो, हे तिथल्या कोणत्याही जुन्या मच्छीमाराला विचारा. तो भांगाची गोष्ट सांगेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी जोरात चढतं-उतरतं, तळ ढवळून निघतो. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, गाळही कमी. म्हणजे बुडीची तारीख ठरवताना हॉटेलच्या संकेतस्थळाआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. ते काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, हा योगायोग मला फार आवडतो. तारीख ठरली की वेळ. भरतीचं पाणी बाहेरच्या स्वच्छ समुद्रातून येतं, ओहोटीचं पाणी कर्ली आणि कोळंबच्या खाड्यांतला गढूळपणा घेऊन बाहेर पडतं. तेव्हा पाणी चढत असताना उतरायचं. ‘सकाळी नऊची बॅच’ एवढंच ज्याला ठाऊक आहे, अशा बोटवाल्यापेक्षा ‘आज साडेअकराला या, पाणी तेव्हा साफ होईल’ असं सांगणारा शंभर पटीने बरा.

मालवणला ‘स्कुबा’ या नावाखाली जे विकलं जातं त्यात बरंच काही येतं. पुष्कळदा सिलिंडर बोटीवरच असतो, तुमच्या तोंडात लांब नळीचं टोक, आणि एक जण तुम्हाला मानेमागे धरून पाण्याखाली फिरवतो. हा प्रकार मजेचा आहे, पण हे डायव्हिंग शिकणं नव्हे. बिस्किटं चारून मासे गोळा करायचे आणि फोटो काढायचे, हा तर निव्वळ तमाशा. सिलिंडर पाठीवर असेल का, एका प्रशिक्षकामागे किती जण, बोटीवर प्राणवायूची सोय आहे का, उतरण्याआधी दम्याचं-हृदयाचं कोणी विचारणार का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. नीट शिकायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची इसदा ही प्रशिक्षण संस्था आहे. त्याआधीची तयारी मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पहिल्या पायरीच्या अभ्यासक्रमाला न थांबता 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगून राहणं लागतं, आणि शिवाजी पार्कचा महात्मा गांधी जलतरण तलाव त्यासाठी पुरेसा आहे.

मग महाराष्ट्राची खरी प्रवाळसृष्टी कुठे? विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात. आंग्रिया बँक, म्हणजे कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेलं बुडालेलं पठार. उत्तर-दक्षिण सुमारे 40 किलोमीटर, म्हणजे दादरला लोकल पकडून डोंबिवलीला उतरावं इतकं, आणि रुंदी 15 किलोमीटरच्या घरात. इतक्या लांब नदीची माती पोचत नाही, म्हणून वीस मीटर खालीही ऊन पुरतं आणि प्रवाळ तग धरतात. पण त्या पठाराचा माथाच पाण्याखाली वीस मीटरवर सुरू होतो. नुकत्या शिकलेल्या माणसाची मर्यादा 18 मीटर. त्यात जवळपास बेट नाही, आडोसा नाही, आणि काही झालंच तर किनारा कित्येक तासांवर. आपल्या राज्यातली सर्वांत देखणी जागा आपल्यातल्या बहुतेकांसाठी नाही, हे मान्य करून पुढे जावं. पर्यटन वाढवायला तिथे लगेच बोटी सुरू करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गर्दी पोचली नाही म्हणूनही ती जागा शिल्लक आहे. हौशी लोकांसाठी किनाऱ्याजवळच काही उभं करायचं असेल तर तो मार्ग वेगळा. नौदलाने निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही नौका 2025 मध्ये महामंडळाकडे सोपवली ती निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळभिंत वाढवण्यासाठीच.

आता भिंतीकडे. डार्विनने 1842 च्या आपल्या पुस्तकात प्रवाळांच्या रचनेचे तीन प्रकार मांडले: किनाऱ्याला चिकटलेली भिंत, किनाऱ्यापासून दूर राहून लाटा अडवणारी रोधक भिंत, आणि मधलं बेट खचून उरलेलं कंकणद्वीप. लक्षद्वीप ही कंकणद्वीपं. अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याला रोधक भिंत आहे, पण त्या किनाऱ्याचा मोठा भाग जारवा आदिवासींसाठी राखीव आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. पर्यटक उतरतात ते पूर्वेकडे, स्वराज द्वीपाभोवती, म्हणजे जुन्या हॅवलॉकला. तिथल्या भिंती किनाऱ्याला चिकटलेल्या. म्हणजे भारतात ‘बॅरियर रीफ’वर बुडी मारल्याचं कोणी सांगितलं तर कौतुक करण्याआधी जागा विचारा.

पण या वर्गवारीत बुडी मारणाऱ्याने फार अडकू नये. त्याच्या दृष्टीने भिंत कोणत्या प्रकारची यापेक्षा आपण भिंतीच्या कोणत्या अंगाला उतरतो हे फार महत्त्वाचं. ग्रेट बॅरियर रीफ ही 2,300 किलोमीटरवर पसरलेली सुमारे 2,900 सुट्या भिंतींची रांग आहे. केर्न्सहून निघालेल्या बोटी बहुधा वाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकतात. तिथे वाळू, उथळ पाणी, मधूनमधून प्रवाळांचे उंच गोळे. नवख्याने इथेच रमावं. बाहेरचा उतार खुल्या महासागराकडे तोंड करून असतो. पाणी काचेसारखं, खोली एकदम तुटलेली, पण लाटा आणि प्रवाह कोणाचं ऐकत नाहीत. दोन भिंतींच्या मधल्या खिंडीत भरती-ओहोटीचं पाणी वेगाने वाहतं आणि त्यावर जगणारे मोठे मासे तिथे जमतात. आपल्याला भूल पडते ती याच खिंडींच्या चित्रफिती पाहून, आणि तिथे नवख्याचा हवेचा साठा निम्म्या वेळात संपतो. भरतीच्या पाण्याबरोबर खिंडीत स्वच्छ महासागर आत येतो, ओहोटीला आतला गढूळपणा बाहेर पडतो. कर्लीच्या मुखाशी जो नियम, तोच प्रशांत महासागरात. म्हणून मालवणला दोन भरत्या नीट समजून घेतलेला माणूस केर्न्सला गेला तर त्याचे पैसे वसूल होतात.

आणखी एक गैरसमज: जितकं खोल तितकं सुंदर. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विझतो. दहा मीटरच्या आसपासच लालभडक मासा तपकिरी-राखाडी दिसू लागतो. प्रवाळांची खरी दाटी आणि रंग पाच ते पंधरा मीटरमध्ये असतात, आणि उथळात हवाही जास्त पुरते. स्वराज द्वीपला नवख्यांना नेमो रीफवर नेतात तेव्हा ‘आम्हाला डिक्सन्स पिनॅकल का नाही’ म्हणून रुसणारे लोक असतात. डिक्सन्सचे सुळके 18 मीटरच्या खाली आहेत. रुसून काही होत नाही.

महिन्याचं गणित मुंबईकराला नेहमी चुकवतं, कारण आपली सुट्टी शाळा ठरवते. मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो, ऑक्टोबरनंतर निवळू लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे पाणी सर्वांत बरं. नाताळात मात्र गर्दीने पाण्याखाली रांग लागते. दिवाळीत अंदमानला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातला चक्रीवादळांचा काळ आहे. तिथला शांत समुद्र फेब्रुवारी ते एप्रिलचा. मे महिन्यात पहिल्या पंधरवड्यापर्यंत जमतं, मग मोसमी पाऊस आपल्याआधी त्यांच्याकडे पोचतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर उलट: नोव्हेंबर ते मे किनाऱ्याजवळ जहरी पेटी-जेलीफिशचा हंगाम, आणि जूननंतर हवा कोरडी, पाणी नितळ. नातवंडं बघायला जूनमध्ये जाणारे आजी-आजोबा या बाबतीत नशीबवान.

जुन्या पुस्तकांतल्या आणि जुन्या फोटोंतल्या शिफारशींवर मात्र विसंबू नका. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी अनेक आठवडे तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी लवकर निवलं तर सावरतात, नाहीतर मरतात. लक्षद्वीपने हे 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये सोसलं, अंदमानने 2010 मध्ये जबर फटका खाल्ला, आणि ग्रेट बॅरियर रीफवर 2016 ते 2024 या काळात पाचदा मोठ्या प्रमाणावर विरंजन झालं. एकाच बेटाच्या दोन बाजूंची अवस्था वेगळी असू शकते. प्रवाह ज्या बाजूला थंड पाणी आणतो ती टिकते, बंद खाजणाची बाजू शिजते. तेव्हा बोट ठरवण्याआधी गेल्या हंगामातले फोटो मागा. दहा वर्षांपूर्वीचे दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

राहता राहिला परतीचा प्रवास, तोही जागेच्या निवडीतच धरावा लागतो. एका बुडीनंतर निदान 12 तास, अनेक बुड्यांनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरू शकतो. अंदमान आणि लक्षद्वीपच्या सहलीतला शेवटचा दिवस म्हणूनच कोरडा ठेवावा लागतो, आणि पाच दिवसांच्या सहलीत तो परवडत नाही. हाच नियम 600 मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही लागू आहे, आणि कोल्हापूरच्या वाटेवरचं आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. मालवणची सहा-सात मीटरची एखादी उथळ बुडी फार धोक्याची नाही. पण अभ्यासक्रम करून, दिवसात दोन-तीनदा उतरून त्याच संध्याकाळी कोल्हापूरकडे गाडी काढणाऱ्यांनी मुक्काम वाढवावा. दादरकरांना सोपा मार्ग आहे. दुपारी पाण्याबाहेर या, जेवा, झोप काढा आणि कुडाळहून संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस पकडा.