कंपनीची गादी आणि वऱ्हाडची लेखणी

अकोल्यात किंवा अमरावतीत जुन्या नाटकवेड्यांची बैठक जमली की नाटक कंपन्यांचा विषय हमखास निघतो आणि ठरलेली वाक्यं ऐकू येतात. अण्णासाहेब गेले आणि किर्लोस्कर मंडळी संपली. बालगंधर्व होते म्हणून सगळं होतं. कंपनी म्हणजे घराणं, बापानंतर लेक. शांतारामबापू बाहेर पडले आणि ‘प्रभात’ बसली. शेवटी, वऱ्हाडानं काय केलं, तर कापसाच्या पैशावर तिकिटं काढली. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. मोठ्या करमणूक कंपनीचा मालक बदलतो तेव्हा आत नेमकं काय घडतं, ते या वाक्यांमुळे झाकलं जातं, म्हणून ती एकदा तपासून घ्यायला हवीत.

आधी अण्णासाहेब. ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर वारले. म्हणजे संस्थापकाच्या हाती कंपनी राहिली ती जेमतेम पाच वर्षं. त्यानंतर ती तीस वर्षांहून अधिक काळ चालली. ज्याला आपण ‘किर्लोस्करांचा काळ’ म्हणतो, तो बहुतांशी त्यांच्या मागे राहिलेल्यांचा काळ आहे.

मागे राहिलेल्यांत मुख्य होते भाऊराव कोल्हटकर. गळा असा की प्रेक्षक वेडे व्हायचे, पण गळ्यावर कंपनी चालत नाही. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लोकांना तोंडपाठ झालेली, ‘रामराज्यवियोग’ अपुरं राहिलेलं आणि लिहिणारा हात कायमचा थांबलेला. नाटक कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे काय, हेही लक्षात घ्या. पडदे, कपड्यांच्या पेट्या, तबला-ऑर्गन, आचारी, गडीमाणसं, पगारी नट, भागीदार आणि रोज उठणारी पंगत. खेळ झाला नाही तरी चूल पेटवावीच लागते. वऱ्हाडात यायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलून हा सगळा पसारा अमरावतीच्या फाट्यावर चढवायचा. अशा कंपनीच्या नव्या मालकाला सगळ्यांत आधी हवं असतं ते नवं नाटक. जुन्या नाटकांनी आजची पंगत उठते, पण त्याच गावात दुसऱ्यांदा मुक्काम टाकायचा तर नवं काहीतरी हातात असावं लागतं.

ते नवं नाटक किर्लोस्कर मंडळींना दोन ठिकाणांहून मिळालं. एक गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘शारदा’ १८९९ चं. दुसरे आपल्याकडचे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, शाळा अकोल्याची, पुढे अकोला, तेल्हारा, खामगाव, जळगाव-जामोद इथे वकिली. त्यांचं ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळींनी १८९६ मध्ये रंगभूमीवर आणलं, तेव्हा ते पंचविशीत होते. साक्या-दिंड्यांना सरावलेल्या प्रेक्षकापुढे त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली आणल्या. कंपनीच्या ओळखीचा सूरच बदलणारी ही गोष्ट होती. भाऊरावांच्या कारभाराचं मोठेपण मला इथे दिसतं. संस्थापकाची गादी सांभाळणारा माणूस बहुधा संस्थापकासारखंच करत राहतो. या मंडळींनी एका तरुणाला निराळं करू दिलं. पुढे ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ आणि १९११ चं ‘प्रेमशोधन’ अशी कोल्हटकरांची नाटकं याच कंपनीनं केली. फेब्रुवारी १९०१ मध्ये भाऊराव गेले, तरी ही साखळी तुटली नाही. नानासाहेब जोगळेकर नायकाच्या भूमिकेत आले आणि शंकरराव मुजुमदारांनी व्यवस्थापन पाहिलं. मुजुमदारांचं नाव प्रेक्षकांच्या तोंडी फारसं नसतं. व्यवस्थापकाचं ते नशीबच.

‘नट गेला की कंपनी गेली’ या समजाचंही उत्तर याच कंपनीत आहे. १९११ मध्ये जोगळेकर वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. एवढं भगदाड पडल्यावर कंपनी बंद पडायला हवी होती. ती पडली नाही. तिनं १९१६ मध्ये गडकऱ्यांचं ‘पुण्यप्रभाव’ केलं आणि दीनानाथ मंगेशकर नावाच्या कोवळ्या पोराला घडवलं. तेही १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांना घेऊन निघाले आणि बलवंत संगीत मंडळी जन्माला आली. फूट म्हणजे फक्त नुकसान असं मानणाऱ्यांनी या तीन कंपन्यांचा हिशेब एकत्र मांडून पाहावा. ‘बलवंत’नं १९२७ मध्ये अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभि’ केलं आणि दीनानाथांची तेजस्विनी गाजली. १९३३ मध्ये त्याच कंपनीनं ‘ब्रह्मकुमारी’ केलं. लेखक विश्राम बेडेकर, जन्म अमरावतीचाच.

उलट बाजूही सांगायला हवी. सर्वांत मोठं नाव ज्या कंपनीकडे होतं, त्या गंधर्व मंडळीला वारस मिळाला नाही. टेंबे आणि बोडस दूर झाले, कर्ज वाढत गेलं, आणि रसिकांच्या अफाट प्रेमानंही त्यावर उपाय निघाला नाही. बालगंधर्वांविषयी अपार आदर ठेवूनच हे म्हणतो: सगळी कंपनी एका गळ्याभोवती बांधली की पुढच्या माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही.

आता बाप-लेकाचा समज. याचा दाखला म्हणून ललितकलादर्शचं नाव घेतलं जातं, आणि नेमकं तिथेच ते बसत नाही. केशवराव भोसले यांनी ही कंपनी १९०८ मध्ये हुबळीला काढली. वीर वामनरावांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मधली मृणालिनी त्यांनी केली, तेव्हापासून अमरावतीचं नाव या कंपनीशी जोडलेलं आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तीन महिने उलटायच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय अवघं एकतीस. कीर्तीच्या शिखरावर असताना मालक जाणं याहून कठीण प्रसंग कुठल्याही कंपनीवर येत नाही.

सूत्रं आली व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकरांकडे. ते भोसल्यांच्या घरातले नव्हते, कंपनीतले नट होते. (सिनेमातले बाबूराव पेंढारकर, भालजींचे बंधू, ते निराळे. दोन नावांचा घोळ आजही होतो.) बापूरावांनी केशवरावांच्या भूमिकांची नक्कल करत दिवस काढले असते तरी लोकांनी काही काळ टाळ्या दिल्या असत्या. त्यांनी १९२२ मध्ये मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ घेतलं, पुढच्या वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’. राजेरजवाड्यांच्या कथांऐवजी वकील, सावकार, कोर्टकचेऱ्या, अस्पृश्यता हे विषय रंगमंचावर आले. गवई वझेबुवांच्या चाली, पु. श्री. काळे यांचे पडदे. कंपनी तीच, पण चेहरा नवा.

१५ मार्च १९३७ रोजी बापूराव वारले आणि कंपनी थांबली. मुलगा भालचंद्र तेव्हा पंधरा वर्षांचा. घराण्याची गोष्ट सांगणारे इथून सरळ त्या मुलाच्या यशावर उडी मारतात. मधली वर्षं गाळली जातात, आणि सगळं त्या वर्षांतच आहे. भालचंद्र वझेबुवांकडे गाणं शिकले. १९४२ मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन उभे राहिले, ते वडिलांच्याच भूमिकेत. तिथेच थांबले असते तर त्यांना वारस म्हणता आलं असतं, मालक नव्हे. बाळ कोल्हटकरांचं ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ करून त्यांनी ते दुसरं नाव कमावलं. २००८ मध्ये कंपनीनं शंभरी गाठली, तेव्हा भालचंद्र पेंढारकर हयात होते. पहिला वारस रक्ताचा नव्हता, दुसऱ्याला रक्तामुळे काही फुकट मिळालं नाही. घराणेशाहीचा पुरावा म्हणून ही कंपनी पुढे करणं तिन्ही माणसांवर अन्याय आहे.

हे सगळं जुनं, आताच्या कॉर्पोरेट कंपन्यांत संचालक मंडळं असतात, तिथे गादीचा प्रश्न नीट नियमानं सुटतो, असंही ऐकायला मिळतं. डिस्नेचंच उदाहरण घ्या. १९६६ मध्ये वॉल्ट गेले तेव्हा निवृत्तीला आलेले थोरले भाऊ रॉय यांनी कारभार हाती घेतला आणि फ्लोरिडातल्या करमणूक उद्यानाचं राहिलेलं काम पुरं केलं. अलीकडे २०२० मध्ये बॉब आयगर यांच्या जागी बॉब चॅपेक आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच संचालक मंडळानं आयगरना परत बोलावलं. नियम असतात, पण माणूस शोधणं नियमाला जमत नाही.

राहिली ‘प्रभात’. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये ती कोल्हापुरात काढली, १९३३ मध्ये पुण्यात आणली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल उभारली. त्याच दिवशी ‘प्रभात’ संपली हा समज फार घट्ट आहे. पण ‘रामशास्त्री’ १९४४ चा आहे, शांतारामांनंतरचा, आणि ‘प्रभात’च्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना होते. रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदारांची; दिग्दर्शनात जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने यांचा हात. जागीरदार आणि बेडेकर दोघेही जन्मानं अमरावतीकर. वऱ्हाडानं नुसती तिकिटं काढली म्हणणाऱ्यांनी ‘वीरतनय’पासून ‘रामशास्त्री’पर्यंतची ही ओळ डोळ्यांखालून घालावी. मालक बदलल्यावर ज्या कलाकृतीवर कंपनी उभी राहिली, तिच्यामागे अनेकदा आपल्याकडचा माणूस आहे. विदर्भातल्या शाळांमधून हे शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग ‘प्रभात’ बंद का पडली? १९४५ मध्ये दामले वारले. कंपनीत गुणी माणसं तेव्हाही होती. देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ १९४६ मध्ये ‘प्रभात’नंच काढला, गुरुदत्तही तिथेच शिकत होते. ‘रामशास्त्री’ घडवणारे जागीरदार आणि बेडेकर यांच्याकडे तर अनुभवही होता. पण भागीदारीच्या कागदावर यांच्यापैकी कुणाचं नाव नव्हतं. केशवरावांच्या कंपनीत काम करणाऱ्या नटाच्या हाती सूत्रं आली होती. ‘प्रभात’मध्ये मालकी जुन्या भागीदारांपाशी राहिली आणि चित्रपट करणारी माणसं एकेक करून दुसरीकडे गेली. १९५३ मध्ये कंपनीला कुलूप लागलं.