दंडावरची बीसीजीची खूण आणि अमेरिकेतली तपासणी



गेल्या वर्षी एका रात्री माझ्या भाचीचा अमेरिकेतून फोन आला. रडतच म्हणाली, “मावशी, माझ्या रक्तात टीबी निघाला. आईला सांगू नकोस. आता आम्हाला परत पाठवणार.” तिला ना खोकला होता, ना ताप. मग हे काय होतं? आपल्या कितीतरी मुली लग्न होऊन तिकडे जातात, म्हणून आज याच तपासणीबद्दल बोलू या.

अमेरिकेत राहून ग्रीनकार्डासाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा, तर वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. ती कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही. सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आणि त्याला तिथे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा रुग्णालयाचे मोठे साहेब. तिथे मात्र तो साध्या दवाखान्यातला डॉक्टरही असू शकतो. ऑपरेशनशी त्याचा काही संबंध नाही. फी सरकारने ठरवलेली नसते आणि विमा बहुतेकदा ती देत नाही. म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून, लसी आणि रक्ततपासणी धरून किती होतील, ते आधी विचारावं.

डॉक्टर आधी जुन्या आजारांची चौकशी करतात, मग अंग तपासतात. दोन वर्षांपुढच्या प्रत्येकाची टीबीसाठी रक्ततपासणी होते. १८ ते ४४ वयात गरमी आणि १८ ते २४ वयात परमा या गुप्तरोगांचीही तपासणी होते. ती त्या वयातल्या सगळ्यांचीच होते, म्हणून त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साखर, बीपी, थायरॉइड असलं म्हणून कुणी या तपासणीत नापास होत नाही. एचआयव्हीची अटही २०१० पासून काढून टाकली आहे.

आता भाचीच्या रिपोर्टाकडे येऊ. आपल्या दंडावर बीसीजीची खूण असते. पूर्वी तिकडे हातावर सुई टोचून टीबी बघत. बीसीजी घेतलेल्यांचा हात त्या सुईने कधी कधी उगाचच फुगायचा. २०१८ पासून त्याऐवजी रक्ताची तपासणी करतात, आणि तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर “ते बीसीजीमुळे” म्हणून सोडून देऊ नये.

पण पॉझिटिव्ह म्हणजे आजारीच, असंही नाही. टीबीचे जंतू कधीतरी श्वासातून आत गेले आणि शरीराने ते दाबून ठेवले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. याला सुप्त टीबी म्हणतात. तो दुसऱ्याला लागत नाही. आपल्या देशात असे कोट्यवधी लोक आहेत, कदाचित तुम्ही-मीही. पॉझिटिव्ह आलं की छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असला तर अर्ज अडत नाही. पुढे आजार उठू नये म्हणून तीन-चार महिन्यांच्या गोळ्या सुचवतात. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकी तपासतात, आणि टीबी निघालाच तर आधी उपचार पूर्ण करावे लागतात. तो बरा होतो, मग अर्ज पुढे सरकतो.

भाचीचा एक्स-रे स्वच्छ आला. तिने गोळ्या घेतल्या. नंतर आईलाही सांगितलं.

गरोदर असाल तर ते पहिल्यांदाच सांगा. एक्स-रे बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलता येतो. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टर तशी नोंद करतात आणि सूट मिळते.

लसींच्या बाबतीत मात्र इथल्या आयांनी लक्ष घालावं. गोवर, गालगुंड, रुबेला, धनुर्वात, घटसर्प, कांजिण्या, ब कावीळ यांच्या नोंदी तिथे मागतात. नोंद नसली तर काहींसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती बघतात, नाहीतर लस पुन्हा घ्यावी लागते. अनेक डोसांची लस असेल तर त्या वेळी देय असलेला एक डोस पुरतो. तरी खर्च होतोच. म्हणून लेक जाण्याआधी ट्रंकेतलं लसीकरणाचं कार्ड काढा. हरवलं असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंना विचारा. पूर्वी टीबीचे उपचार झाले असतील तर ते कागद आणि जुना एक्स-रेही बरोबर द्या. “कुणाला सांगू नकोस” असं मात्र शिकवू नका. लपवलेल्या आजारापेक्षा बरा झालेला आजार कागदावर दाखवणं सोपं असतं.

शेवटी डॉक्टर एक बंद पाकीट देतात. ते फोडायचं नाही. फोडलेलं चालत नाही. आपल्यासाठी वेगळी प्रत तिथेच मागून घ्यावी. डिसेंबर २०२४ पासून हा फॉर्म मुख्य अर्जासोबतच द्यावा लागतो, नंतर पाठवून चालत नाही.

आणि इंग्रजी कळत नसेल तर दुभाषी मागायला लाजू नका. नवरा उत्तरं देतोय आणि आपण मान डोलावतोय, असं नको. शरीर आपलं आहे, माहितीही आपणच द्यावी.