परसबागेतील कीड व रोगनियंत्रण

घराभोवतीच्या जागेत लावलेल्या भाज्यांचे किडी व रोग यांपासून रक्षण करण्याच्या पद्धती. परसबागेत अनेक भाज्या शेजारीशेजारी असतात व त्यांची काढणी जवळजवळ रोज होते. त्यामुळे विषारी कीटकनाशक फवारल्यावर काढणीपूर्वी ठराविक दिवस थांबणे येथे अवघड जाते. म्हणून पाहणी, स्वच्छता व हातवेचणी यांवर मुख्य भर द्यावा लागतो.

किडी : मावा, तुडतुडे व पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतात. त्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयुक्त ठरतो. निंबोळीच्या मगजाची ५० ग्रॅ. भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून व थोडा साबण मिसळून तो ताजाच फवारतात. त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडींची भूक मंदावते व कात टाकण्याच्या क्रियेत बाधा आणते. उन्हाने त्याचे अपघटन होत असल्याने फवारणी सायंकाळी करणे योग्य असते. वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी आत राहत असल्याने तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. सुकलेले शेंडे व कीडकी फळे अळीसह तोडून नष्ट करणे हाच खात्रीचा उपाय होय. फळमाशीने सडलेली काकडी, दोडका, कारली इ. फळे खोल पुरतात.

रोग : भेंडीवरील केवडा हा विषाणुजन्य रोग मुंबई इलाख्यातून १९२४ मध्ये नोंदला गेला. त्यात पानांच्या शिरा व पुढे संपूर्ण पान पिवळे पडते. फळे लहान, फिकट व राठ होतात. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. रोगट झाड बरे होत नाही. ते दिसताच उपटून टाकतात. परभणी क्रांती ही रोगप्रतिकारक जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केली. मात्र अशी प्रतिकारक्षमता कायम टिकतेच असे नाही, हे पूसा सावनी या आधीच्या जातीवरून दिसून आले आहे. रोपे कोलमडणे हा कवकजन्य रोग वाफ्यात पाणी साचल्याने बळावतो. त्यासाठी गादीवाफे करतात व बी विरळ पेरतात.

दक्षता : शेतातील कपाशीसारख्या पिकांसाठी आणलेले उरलेले औषध परसातील भाजीवर फवारणे धोक्याचे असते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास भारतात २००५ मध्ये बंदी घालण्यात आली. आंतरप्रवाही औषध वनस्पतीच्या रसात मिसळत असल्याने भाजी धुतल्याने ते निघून जात नाही.